पाव ताकदीवर

सोमवार, ३ तारीख
मुलीकडे राहायला आलो एकदाचा. सामान म्हणजे एक ट्रंक, औषधांचा डबा आणि ही वही. खोली वर्कशॉपला लागूनच आहे. जिन्याची धास्ती होती, पण इथे जिनाच नाही. पंखा कुरकुरतो, वारा मात्र देतो. जावई गेल्यापासून लेक एकटीच लोखंडाची कातकामं करते. मी काय करू विचारलं, तर म्हणाली, "आबा, तुम्ही बसून काळजी करा. त्यात तुमचा हात कोण धरणार?" पुष्कळ दिवसांनी हसलो.

तिने एक मोठा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, आणला आहे, बंद पडलेल्या कारखान्यातला. लांबीला माझ्या खाटेहून मोठा. जाड शाफ्ट कातायचं काम घेतलंय. ते पार पडलं तर वर्कशॉप राहील, नाहीतर कुलूप.

मंगळवार, ४ तारीख
वायरमन आला. लेथची मोटर बघून डोकं खाजवत बसला. तिला लागणारं व्होल्टेज आपल्या लाइनच्या दुप्पट आहे. मी चौथीपर्यंतच शिकलेला, म्हणून त्याने सोपं करून सांगितलं. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद निम्मी राहत नाही, पाव उरते. मोटर रिकामी फिरेल, पण अडली तर गुणगुणत तापेल आणि जळेल. शनिवारी तो व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर जोडणार. तोवर साधा खटका लावलाय, आपोआप पडणारा नाही. मोटर अडली की हाताने पाडायचा. लेकीने त्या खटक्यावर मला नेमलं. या वयात नोकरी लागली.

बुधवार, ५ तारीख
आज रिकामाच लेथ चालू करून पाहिला. चक, म्हणजे लोखंड पकडणारा पुढचा गोल जबडा, छान फिरला. मग मंद झाला आणि थांबला. मोटर गुणगुणू लागली. मी खटका पाडला. बंद असताना तोच चक एका बोटाने फिरतो. वायरमनला बोलावलं. त्याने पुन्हा चालू करून मीटर लावून पाहिलं. भार काहीच नाही आणि आकडा भाराचा. मला म्हणाला, "काका, तुम्ही तर धरून बसला नाहीत ना?" तो आणि लेक, दोघं हसले. मी चकाकडे बघत राहिलो.

गुरुवार, ६ तारीख
लेक माल पोचवायला गेली तेव्हा एकट्यानेच चालू केला. नसती उठाठेव, पण राहवेना. चक थांबला. त्यावर हात ठेवला. पलीकडून बोटं लागली. थंड नव्हती. घामेजलेली, कामगाराची. ती चकाला अडवत नव्हती. बाही अडकलेला माणूस जसा अंग मागे खेचतो, तशी खेचत होती.

लेकीला सांगितलं. तिने आधी माझा ताप पाहिला. मग म्हणाली, त्या लेथमध्ये ओढला जाऊन एक माणूस गेला होता, विकणाऱ्याने लपवलं नाही. ती लांब बाह्या घालत नाही, मग झालं तर, असं तिचं म्हणणं.

शुक्रवार, ७ तारीख
ट्रान्सफॉर्मर आला. मागच्या भिंतीला, बाहेरच्या बाजूने, बोर्डाशी ठेवलाय.
पाव ताकद आहे म्हणून लेथमधला तो माणूस तग धरून आहे. उद्या पूर्ण ताकद आली की ओढला जाईल. आणि ओढला जाणारा हाताला लागेल ते धरतो. समोर लेक उभी असेल.
हातापाया पडलो. ऐकत नाही. माझ्यावर गेली असती तर भ्याली तरी असती.
जन्मभर भीतच आलो. कुत्र्याला, साहेबाला, जिन्याला. आता बस्स. वायरमनने जे करू नका म्हटलं, तेच करणार. मोटर जाळणार.

शनिवार, ८ तारीख
ती दोघं मागे, बोर्डाशी. मी आत. दाराला कडी. चकात पहार अडकवली, खटका वर केला. गुणगुणतेय. लेक शिव्या देईल, वर्कशॉप जाईल. जाऊ दे. ती राहील.

लिहितोय, म्हणजे हात कापत नाही.

करपल्याचा वास —

गुणगुण थांबली. मागे लाइन बंद केली, जोडणीसाठी. जळली नाही अजून. आता येईल ती पूर्ण ताकद.

येऊ दे. अडलेली मोटर तेवढी लवकर जळेल. खटका वरच ठेवलाय. पहारीवर अंग टाकून बसलोय.

डावी बाही धरली त्याने. घट्ट. सोडवणार नाही —

लेक दाराशी. "आबा, कडी काढा." नाही काढणार.

वायरमन मागून ओरडला, लाइन सोडतोय म्हणून.

धर बाबा. मला धर. तिला हात जरी लाव