काकू जिंजाले चालली

२ नोव्हेंबर
आज दारव्ह्याले कामाले आली. बाबा जीपनं सोडून गेले. लालीबाई काकूचं घर मस्त हाय. पंखा जोरात फिरते, अन् मले झोपाले आपली येगळी खाट भेटली. काकूनं आल्याबरोबर चहा-बिस्किटं देल्ले अन् म्हणे, इतकी हळू बोलतं, आवाज गावातच ठेवून आली काय पोरी. मले हासू आलं. नववीत शाळा सुटल्यापासून पह्यल्यांदा कोणी मले कामाले बोलावलं.

काकूचा पोरगा बबलूभाऊ आफ्रिकेत बोअर मारायच्या गाडीवर हाय. जिंजा म्हणून नदीकाठचं गाव हाय, तिथी. काकू आठ दिवसासाठी त्याले भेटाले चालली. तिच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, नुसती सावली दिसते. म्हणून बॅग भरणं, फोन धरणं माह्याकडे. संध्याकाळी भाऊचा व्हिडिओ कॉल आला. काठावर लाल खुर्ची टाकून बसला होता, मांगं हे मोठी नदी. काकूले थो याडी म्हणते. त्याईच्या बोलीत याडी म्हणजे आई. काकूनं इचारलं, कसा दिसते माया पोरगा. म्या सांगतलं, गाल भरले.

४ नोव्हेंबर
काल नागपूरले जाऊन काकूले पिवळ्या तापाची सुई देल्ली. तिचा कागद नसला त तिकडे घेत नाई म्हणे. पुसदचा एक पोरगा काकूच्याच विमानानं चालला, थो सोबत राहीन. म्या लसणाची चटणी, ज्वारीचे पापड, मच्छरदाणी भरली.

दुपारी काकू झोपली होती. भाऊच्या खोलीत धूळच धूळ, कोपऱ्यात जाळे. सारं झाडून पुसून काढलं, कचरा बाहेर फेकला. काकू खुश होईन.

५ नोव्हेंबर
फिनाईलचा वास आला तशी काकू उंबऱ्यावरच बसली. रागावली नाई. हळू म्हणे, दूर गेलेलं माणूस घरी येवोस्तोर त्याची खोली झाडत नाई आम्ही. मयत उचलल्यावर झाडतेत. माह्या घरी असं काही पाळत नाई. बाबा म्हणतेत, सारं खोटं.

संध्याकाळी कॉल आला. तीच खुर्ची, तीच जागा. पण भाऊचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. काकूनं इचारलं. म्या म्हटलं, चांगला दिसते.

७ नोव्हेंबर
पाणी गुडघ्यावर आलं. भाऊ खाली पाहूनच नाई राह्यला. म्हणे, चटणी जरा तिखट आणजो.

काकूले सांगाव काय? सांगतलं त म्हणन, तूच झाडलं. नाई सांगतलं त ती तिकडे जाईन, त्याच पाण्यापाशी.

९ नोव्हेंबर
छातीपर्यंत. त्याचा शर्ट फुगून तरंगून राह्यला होता. म्हणे, मी घ्याले येतो याडी, पाण्यातूनच जाऊ. काकू हासली. म्हणे, नावेत बसवतं काय बुढीले.

मले भेव वाटाले पाह्यजे. वाटत नाई. पोया केल्या, भांडे घासले. हात तेवढे गार हायेत.

११ नोव्हेंबर
तोंड पाण्याखाली. आवाज साफ. ओठ हालत नाई — डोळे माह्याकडे.

काकूले म्हटलं, नोका जाऊ. काहून म्हणे. म्या फोन उलटा ठेवला. ती म्हणे, एकटी राहाले भेतं काय, बावळट.

१३ नोव्हेंबर
जीप दारात आली. बॅग बाहेर गेली.

कॉलमधी खुर्ची नाई. भाऊ नाई. मातकट पाणी फक्त —

सांगतलं. सारं सांगतलं. काकूनं पदर सारखा केला. म्हणे, डोळे गेले माये, कान हायेत. त्याच्या आवाजात नदी शिरली ते मले फिनाईलचा वास आला त्याच दिवशी समजलं. पोरगं पाण्यात, अन् मी इथी कोरडी बसू काय.

म्या कडी लावली. दाराले पाठ टेकून लिवून राह्यली. काकू म्हणते, सरक. तिचा हात माह्या खांद्यावर — ओला हाय. गाळ —

फोन बंद केला म्या. तरी याडी याडी — जीपमधून येऊन राह्यला आवाज.

काकू, नोका काढू — कडी —