कार्डावरचे नाव

आई,

लिहून ठेवणार मी, तुझा थोरला मुलगा, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी पास, धंदा पूर्वी कारखान्यात साचेकाम व आता शेती, राहणार रहिमतपूरजवळच्या आपल्याच गावी, घर स्वतःचे. नावाची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. माझे नाव हे तुझ्या सासऱ्यांचे नाव, आणि सासऱ्यांचे नाव सुनेने तोंडावाटे काढायचे नाही, ही आपल्याकडची रीत तू जन्मभर पाळलीस. मला तू ‘बाळ’ म्हणत होतीस. मिशा फुटल्या, लग्न झाले, तरी बाळच. तेव्हा तुला लिहिलेल्या कागदावर ते नाव मीही घालत नाही. बाकीचा मजकूर मला स्मरतो तसा खरा आहे.

गेल्या आठवड्यात छातीत कळ आली म्हणून मला साताऱ्यास एका दवाखान्यात नेले होते. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले व मलाही तसेच वाटते. तेथे खिडकीवरच्या मुलीने विचारले, “आजोबा, आईचं नाव?” हल्ली कागदावर आईचे नावही लागते. मला ऐकू येत नाही असे समजून ती ओरडली, “आजोबा, आईचं नाव सांगा!” मला ऐकू उत्तम येते. मी तुझे नाव खणखणीत आवाजात सांगितले. बाकावरची माणसे वळून पाहू लागली. मोठ्याने ते मी प्रथमच उच्चारले असेल, कारण मुलाला आईचे नाव घेण्याचा प्रसंग येतोच कोठे? आणि तेथे उभ्या उभ्याच मला सांगलीच्या इस्पितळाची खिडकी आठवली.

आजच्या मुलांना सांगून पटत नाही की त्या काळी सातारा व सांगली हे दोन निराळे मुलूख होते. आपला गाव इंग्रज सरकारच्या अमलाखाली, सांगली हे संस्थान. भाकरी तीच, कृष्णामाईचे पाणीही तेच, परंतु कामाकरिता तेथे गेलो तेव्हा मी परका ठरलो. खोली पाहण्यास गेलो तर घरमालक म्हणाला, “तुम्ही वरचे, साताऱ्याकडचे. तुमची हमी कोण घेणार?” इस्पितळातही तोच प्रश्न. संस्थानातल्या माणसास खाट लगेच मिळे; बाहेरच्यास मिळायची तर तेथला कोणी जामीन हवा, अथवा कारखान्याचे कार्ड हवे. आमच्या कारखान्यात उसाचे चरक ओतले जात. मालकांनी कामगारांचा एक आजार-फंड काढला होता. दर पगाराला थोडे कापून घेत, आणि मग कामगार व त्याची आई, बाप, बायको, मुले यांना आजारपणात त्या कार्डावर खाट व औषध मिळे. पुष्कळ कामगार कुरकुरत. “अंगात रग हाय तवर कशाला पायजे इस्पितळ?” असे म्हणत. मी पहिल्या दिवशीच फॉर्म मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात, एकही रकाना मोकळा न ठेवता भरला. परक्या मुलखात माणसाची पत कागदात असते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी ते स्वतः ओळखले. तुझ्या नावापुढे शिक्षणाचा रकाना होता. त्यात मी ‘निरक्षर’ असे लिहिले. ते बरोबर होते.

तुझ्या उजव्या डोळ्याला उसाचे पाते लागल्याचे पत्र आले तोपर्यंत चार दिवस गेले होते. गावात कोणी मध घातला होता, कोणी एरंडेल. मी येऊन तुला रहिमतपूरच्या स्टेशनावरून आगगाडीने सांगलीस नेले. वाटभर तू पदराने डोळा झाकून बसली होतीस आणि मला विचारीत होतीस, “बाळ, तिथं मानसं आपल्यासारखीच बोलत्यात न्हवं?” डॉक्टरांनी बाहुलीवरची जखम पाहिली आणि सांगितले की घटकेघटकेला औषध घालावे लागेल, आजच्या आज खाट मिळाली तर डोळा राहील, उद्यावर गेले तर सांगता येत नाही. मी निर्धास्त होतो. कार्ड माझ्या खिशात होते.

खिडकीवरचा कारकून चष्मेवाला व नेमस्त होता. त्याचा दोष मी आजही मानत नाही. दुसऱ्याच्या कार्डावर आपली माणसे घुसवण्याचे प्रकार तेथे घडले होते, म्हणून नियम असा केला होता की कार्डवाल्याने दूर उभे राहायचे आणि कार्डावर कोणाचे नाव आहे ते रोग्याने स्वतः सांगायचे. मी दूर उभा राहिलो. त्याने तुला विचारले, “मुलाचं नाव काय, बाई?”

“बाळ,” तू म्हणालीस.

“बाळ? कार्डावर बाळ नाही.”

“आमी बाळच म्हन्तो, सायेब.”

“घरात काय वाटेल ते म्हणा. खरं नाव?”

तू पदर पुढे ओढलास. “ते घेत न्हाईत आमच्यात.”

“अहो, नवऱ्याचं घेत नाहीत, ठाऊक आहे मला. हे मुलाचं विचारतोय!”

“आवं, पर ते मामंजींचं हाय की!”

रांग हसली. मिरजेकडचा एक गृहस्थ, हाताला झोळी बांधलेला, मला म्हणाला, “काय गड्या, आई भाड्यानं आणली का काय?” पुन्हा हशा झाला. कारकुनाने कार्ड बाजूला सरकवले. नाव जुळत नाही, सबब कारखान्यातून मॅनेजरच्या सहीचे पत्र आणावे, तोवर खाट नाही.

यापुढे मी जे केले ते तुला ठाऊक आहे. तरीही लिहितो, कारण या कागदात ते वगळणे योग्य होणार नाही. मी सर्वांसमक्ष तुझ्यावर ओरडलो. “एक शब्द उच्चारायचा आहे! तेवढ्यासाठी डोळा घालवणार आहेस काय?” तू शांतपणे म्हणालीस, “ह्या घरात आल्यापास्नं त्यांचं नाव घेतलं न्हाई. एका डोळ्यापायी घिऊ व्हय? दुसरा हाय की. एका डोळ्यानं भाकरी थापता येती, रं.” त्यावर मी म्हणालो, “भाकरी थाप. इकडे लोक मला लबाड म्हणोत.” आणि तुला त्या बाकावर, अनोळखी माणसांत, एका डोळ्यावर पदर धरलेली, तशीच सोडून मी कारखान्याकडे चालता झालो. तुझा डोळा जाण्याइतकीच मला लबाड ठरण्याची भीती होती. हे तेव्हा मला कळले नाही.

मॅनेजर मुलाला शाळेत पोहोचवायला पाचगणीस गेले होते. तिसऱ्या दिवशी येणार होते. सही दुसऱ्या कोणाची चालत नव्हती. घरमालकाकडे गेलो, तर जामीन राहणे त्याच्या घराण्यात नाही, असे तो म्हणाला. मग मी परत इस्पितळाकडे निघालो.

तेथे काय घडले होते ते प्रथम मला पाटीने सांगितले. बाकावर तू नव्हतीस. मी बायकांच्या खोलीच्या दाराशी गेलो. शेवटच्या खाटेवर तू पडली होतीस, डोळ्यावर पट्टी, आणि नर्सबाई तुझी उशी सारखी करीत होत्या. खाटेच्या डोक्याशी रोग्याची माहिती लिहिण्याची दगडी पाटी टांगलेली असे. त्या पाटीवर माझे नाव होते. अक्षरे मोठी, एकेक सुटे, पहिल्या इयत्तेतल्या मुलाने गिरवावीत तशी. मी ते अक्षर ओळखले. ते माझेच होते, सहा वर्षांच्या वयाचे.

मी पहिलीत असताना माझी पाटी फुटली होती आणि नवी लगेच मिळणार नव्हती. तेव्हा तू चुलीतली राख परातीइतकी पसरून द्यायचीस आणि म्हणायचीस, “हितं गिरीव.” गुरुजींनी प्रथम स्वतःचे नाव शिकवले होते. मी रोज तेच राखेत काढी. तू भाकरी थापता थापता बघत बसायचीस. सारवायची वेळ झाली की तू म्हणायचीस, “तूच पूस, रं. मामंजींचं नाव, मी पुसू कशी?” मी पुसेपर्यंत तू ते ओलांडतही नव्हतीस, बाजूने वळून जायचीस. असे किती दिवस चालले कोण जाणे. मी शिकत होतो एवढेच मला ठाऊक होते.

नर्सबाईंनी सांगितले की मी गेल्यावर तू पुष्कळ वेळ बाकावरच बसून होतीस. मग उठून खिडकीशी गेलीस आणि कारकुनाला विचारलेस, “सायेब, त्या पोराला तुमी लबाड म्हन्ता व्हय?” तो म्हणाला, नाव जुळत नाही तोवर म्हणावेच लागेल. तू म्हणालीस, “मग पाटी द्या. बोलायचं न्हाई म्हन्त्यात. लिवायचं न्हाई असं कुनी सांगिटलं न्हाई.” पाटी आणली. तू खाली मांडी घालून बसलीस आणि एका डोळ्याने ते नाव काढलेस. रांग उठून भोवती जमली. कारकुनाने पाटी घेतली, कार्डाशेजारी धरली, चष्मा काढून पुसला, आणि शिक्का मारला. पाटी नंतर नर्सबाईंनी तशीच तुझ्या खाटेला टांगली.

मी खिडकीशी गेलो तेव्हा त्याने मलाच दटावले. “आईला लिहिता येतं, मग फॉर्मवर निरक्षर का लिहिलंत? चुकीची माहिती देऊ नये.” मी म्हणालो, “तिला लिहिता येत नाही.”

डोळा राहिला. त्यात एक बारीक फूल पडले, पण सुईत दोरा तू शेवटपर्यंत स्वतः ओवलास. पाटीविषयी तू घरी कधी बोलली नाहीस. मी मात्र बोललो. लग्नकार्यात, पारावर, नातवंडांना, ही हकिकत मी अभिमानाने सांगत आलो. सांगताना मी खिडकीशी उभा असतो, पाटी मीच मागवतो, “आई, राखेत बघत होतीस ते आठव” असे मीच तुला सुचवतो. इतक्यांदा सांगितले की मलाही ते दिसू लागले. तू हयात असताना एकदा तुझ्यादेखत सांगितले. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर केली नाहीस.

हा कागद टपालात टाकण्याजोगा नाही. ते कार्ड अजून माझ्या ट्रंकेत आहे, कडा झिजल्या आहेत. त्याच्याच घडीत हा ठेवीन. साक्षीदारांची नोंद केल्यावाचून कागद पुरा होत नाही, म्हणून करतो.

समक्ष हजर: खिडकीवरचा कारकून; नर्सबाई; झोळीत हात असलेला मिरजेकडचा गृहस्थ, जो पाटी पाहिल्यावर हसला नाही, असे नर्सबाई म्हणाल्या; आणि रांगेतली आठ-दहा माणसे, सर्व परकी.

लिहून ठेवणारा हजर नव्हता. कारखान्यातून तो केव्हाच परतला होता, परंतु आत येण्यास त्याचे मन धजेना. तो इस्पितळासमोरच्या हॉटेलात बसला होता, आणि त्याने दुसरा चहा सांगितला होता.