फॉर्मवर नसलेला भाऊ

ताई,

मला चौथा महिना लागलाय. एक्केचाळिसाव्या वर्षी, तेही एकटीला. तू आधी धपाटा घालशील आणि मग रडशील, म्हणून फोन केला नाही.

सरकारी दवाखान्यात आता आईच्या नुसत्या रक्तावरून बाळाची तपासणी करतात. रक्त घेण्याआधी समुपदेशक बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "घरात कुणाला डाऊन सिंड्रोम?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी रेघ मारली. आपला गुंडू इतक्या सहज पुसला मी. आईच्या मागे एकवीस वर्षं तू त्याचं न्हाणंधुणं केलंस, मी सुट्टीपुरती येऊन त्याला हसवून गेले.

आज निकाल आला. बाळाला तेच असण्याची शक्यता जास्त आहे.

"हे पक्कं नाही हं," बाई म्हणाल्या. "गर्भजल तपासलं की कळेल. करायचं का, शुक्रवारपर्यंत सांगा. अशा मुलांच्या घरच्या कुणाशी बोलायचंय? नंबर देते."

मी नको म्हटलं. मला तुझ्याशीच बोलायचंय. तू किती दमायचीस, कधी त्याचा राग यायचा का, आणि तो गेल्यावर वर्षभर त्याचा टॉवेल दांडीवरून का काढला नाहीस, हे मी कधी विचारलंच नाही.

पण हे पत्र पाठवत नाही. पत्राला तू माझं मन राखून उत्तर देशील. उद्या सकाळच्या गाडीनं येते. दारातच विचारीन, आणि तू तोंड उघडायच्या आत तुझ्या चेहऱ्यावरचं खरं उत्तर वाचून घेईन.

तुझी,
धाकटी