गॅस-इंजिनाची व्यवस्था व बिराप्पाच्या हाताबाबत

मी, आकाराम जोतिबा पिसाळ, वय वर्षे ५३, धंदा शेती व इंजिनदुरुस्ती, शिक्षण मराठी चौथी, राहणार बोरजाईवाडी, तालुका खटाव, जिल्हा सातारा. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू प्रथम लिहितो, कारण माझी खरी मिळकत तीच. गोबरगॅसची विटांची विहीर, अकरा फूट खोल. तिच्यावर तरंगणारी पत्र्याची टाकी. एकही जोड गळत नाही. जुन्या पाच हॉर्सपॉवर डिझेल इंजिनाला गॅस आणि हवा मिसळून देणारा पितळी तुकडा, बंबाच्या तोटीपासून घडवलेला. जनरेटर फिरवणारी पुली. ओसरीवरचा सात बटणांचा सागवानी बोर्ड.

हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. कालच इंजिनाचे व्हॉल्व्ह उतरवून, घासून परत बसवले, यावरून खात्री पटावी.

कलम १. घर व चार एकर जमीन पत्नी चंद्राबाई हिच्याकडे तहहयात राहील, नंतर पलटणीत असलेला मुलगा लालासाहेब याची. वीज कपातीत सारे गाव अंधारात असताना आमचे घर उजळते, त्याला लोक 'आकारामाचा दिवा' म्हणतात. रोज आठ पाट्या शेण कालवून विहिरीत ओतते ती चंद्राबाई. हे मी चारचौघांत कधी बोललो नाही.

कलम २. पाने, शिकंजा, गेज व बाकी हत्यारे लालासाहेबाला. पाने आकाराप्रमाणे लावलेली आहेत, तशीच ठेवावीत. धाकटा भाऊ गुंडा याला उसनी देऊ नयेत. विहीर खणत असताना तो पारावर म्हणाला होता, "दादा आज शेणावर दिवा लावतोय, उद्या मुतावर रेडिओ लावंल." पुढे त्याच्याच मुलीची हळद माझ्या दिव्यांत झाली. त्याला ओसरीवरचा एक बल्ब द्यावा, जास्त काही नको.

कलम ३. इंजिन व जनरेटर. हे कलम लिहिताना तीनदा कागद फाडला.

वीज गेली की माझी रीत अशी: आधी मीटरखालचे दोन कटआऊट, म्हणजे फ्यूजचे चिनी मातीचे ठोकळे, हाताने उपसून खिशात टाकायचे, मगच इंजिन सुरू करायचे. कटआऊट जागेवर राहिले तर घरात तयार झालेली वीज उलटी तारेतून खांबावर जाते. हे माझे मी ओळखले होते आणि येईल त्याला ऐटीत सांगत होतो.

दिनांक १७ मे १९७५, सकाळी अकरा वाजता वडूजचे चार बागायतदार गॅस बघायला आले. वीज नव्हती. त्यांना पंखा आणि रेडिओ एकदम चालवून दाखवायचा होता. बोलण्याच्या नादात मी कटआऊट न काढताच इंजिन सुरू केले. त्याच वेळी लाइनमन बिराप्पा आमच्या वस्तीच्या शेवटच्या खांबावर चढलेला होता. अलीकडच्या खांबावर त्याने नियमाप्रमाणे तार सोडवून ठेवली होती. त्याची लाइन मेलेली होती. ती जिवंत केली मी.

इंजिनाचा आवाज क्षणभर जड झाला. पाहुण्यांना कळले नाही, मला कळले. मी आधी मीटरकडे गेलो, कटआऊट काढून खिशात टाकले आणि मग खांबाकडे धावलो. हा क्रम मुद्दाम लिहून ठेवतो.

चौकशीला आलेल्या साहेबांनी, यातले कळणारा माणूस म्हणून, मलाच पंच केले. कटआऊट काढलेले होते, बिराप्पाने तार नीट सोडवली नसावी, असे मी सांगितले व खाली सही केली. बिराप्पाचा उजवा हात कोपरापासून गेला. निष्काळजीपणाचा शेरा बसून नोकरी गेली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तोच मला विचारत होता, "आण्णा, तार मी सोडली हुती. चांगलं याद हाय मला. का माझंच डोस्कं फिरलंय?"

मी म्हणालो, "व्हतं गड्या असं, घाईत."

आज तो आटपाडीला मेव्हण्याची मेंढरे राखतो. आपलीच चूक झाली असे आता तोही लोकांना सांगतो.

तरी जाहीर करतो की पंचनाम्यातले माझे म्हणणे खोटे आहे. बिराप्पाचा दोष नाही. इंजिन व जनरेटर त्याला द्यावा; त्याने विकावा किंवा मोडावा. या कागदाची नक्कल ~~मृत्यूनंतर~~ वीज कचेरीत द्यावी.

ठिकाण बोरजाईवाडी, दिनांक ४ फेब्रुवारी १९७८.
सही: आकाराम जोतिबा पिसाळ
साक्षीदार: १. शरच्चंद्र हरी गोडबोले, शाळामास्तर (सही)
२. हंबीरराव इंगळे, निवृत्त हवालदार (सही, खालील मजकूर लिहून झाल्यावर)

पुरवणी. हंबीररावांनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवले. म्हणाले, "तू मेल्यावर कागद जाणार, आन तवर त्यानं मेंढरंच राखायची व्हय रं?" म्हणून वरचा एक शब्द खोडला आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ने नक्कल घेऊन मास्तरांबरोबर मी स्वतः कचेरीत जाईन, तिथून आटपाडीला.

तरी त्यांनी पेन उचलले नाही. "आजून एक ऱ्हायलंय, आकाराम. बिराप्पा तुझा बोर्ड बघत हुता त्या दिवशी ओसरीवर च्या प्यायला मीबी हुतो."

तेही लिहितो. अपघाताच्या महिनाभर आधी बिराप्पा बोर्ड बघून म्हणाला होता, "आण्णा, एखाद्या दिशी कटआऊट काढायचं इसरलं तर? सांगलीला दांड्याचा स्विच मिळतोय. दांडा वर केला की खांबाची वीज, खाली केला की तुमची. दोन्ही एकदम लागतच न्हाईत. मी आणून बसवून देतो." मी चंद्राबाईच्या आणि हंबीररावांच्या देखत त्याला म्हणालो, "खांबावर चढणाऱ्यानं मला माझ्या घरात शिकवू नये." तो हसला, कप धुऊन पालथा घातला आणि गेला. स्विचची किंमत त्याने बेचाळीस रुपये सांगितली होती. बसवण्याची मजुरी तो घेणार नव्हता.