काशीफळाचा पहिला काप

माय,

तुझ्या लसणाचं बेणं काल मला शेजारच्या शेतात दिसलं. थंडी पडायला लागलीय, म्हणून मामा बांधावर बसून लावणीसाठी गड्डे फोडत होते. जवळ जाऊन बघितलं तर तेच, बारीक कुड्यांचं, जांभळट सालीचं, सोलताना नखं दुखवणारं. तू गेल्यापासून इथं येऊन शेत मी बघते आणि लावायला बाजारातला लसूण घेत नाही. गावरान म्हणून लोक काय गळ्यात मारतील त्याचा नेम नाही. हे बेणं फक्त आपल्याच घरात आहे, अशी माझी समजूत होती. "मामा, हे कुठलं?" तर म्हणाले, "तुझ्या मायचंच हाय की. तू सासरी गेलीस त्या साली दिलतं तिनं." माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मला न सांगता का दिलं? तुला ठाऊकच आहे माझा स्वभाव. देवाच्या प्रसादातसुद्धा हिला खडा दिसतो, असं तूच म्हणायचीस.

आबा गेले आणि आपण दोघीच उरलो, तेव्हा मी दहावीत होते. चाकूरजवळचं आपलं ते दीड एकर, त्यात हिवाळ्यात लसणाचे वाफे, आणि कुंपणावरून उतरवलेली काशीफळं माळवदावर कडब्यात ठेवलेली. अख्खं काशीफळ बाईनं आधी चिरू नये, पहिला काप गडीमाणसानं द्यावा, हे तू मानायचीस. आपल्या घरात गडी उरला नव्हता. मग बांधाला बांध लागलेल्या, नात्याचे नाहीत पण मी मामा म्हणायचे, त्या मामांना हाक जायची. ते यायचे, कोयत्यानं एक घाव घालायचे, अर्धं फळ त्यांच्या घरी जायचं. एवढ्या कामाला किती वेळ लागतो? पण ते ओसरीवर बसायचे. चाकूरच्या बाजारात कोण कुणाला कसं फसवतं याच्या नकला करायचे, आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मी आत वही उघडी ठेवून कान बाहेर लावून बसलेली असायचे. मामांचा दुसरा चहा कधी टाकलास, तेसुद्धा मला कळायचं.

आणि मग ती सकाळ. तू वाफ्याला पाणी देतेयस, हात चिखलानं भरलेले. मामा अंगणात येतात, तर काशीफळ दोन फाका होऊन पडलेलं आणि कोयता माझ्या हातात. मी म्हणते, "मामा, आता तुम्ही यायची गरज न्हाई. आमच्या घरात चिरणारं माणूस हाय." ते "बरं झालं पोरी," म्हणतात आणि चपला घालून निघतात. मला वाटलं तू मारशील. तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "चिरलंस न्हवं? आता समदं तूच खा." आपण दोघी चार दिवस तीच भाजी खात होतो. मामांच्या वाट्याची फाक मी पाठवू दिली नाही. ती सडली आणि उकिरड्यावर गेली.

त्यानंतर मामा आपल्या ओसरीला दिसले नाहीत. पुढे मी अर्धापूरला सासरी गेले ते घर राखल्याच्या समाधानात. दर दिवाळीला माहेरी आले की ताटलीखाली काशीफळाच्या फोडी तयार असायच्या. मी विचारायचेच, कुणी चिरलं? तू म्हणायचीस, "मीच. तूच तर शिकवलंस." किती अभिमान वाटायचा मला.

काल मी मामांना तेही विचारलं. त्यांनी मान वर न करता हातातला गड्डा फोडला. "मीच देत होतो चिरून. तू यायच्या आदल्या दिशी. पोरीला दिसू नये म्हणायची." आणि मग म्हणाले, "लई भेत होती तुला."

मी घरी आले. आपल्या पोटच्या पोरीला भिऊन तू एका भाजीसाठी खोटं बोलत होतीस, आणि मी त्याला तुझा धीटपणा समजत होते. खरं सांगायचं तर संशय अजूनही गेलेला नाही. एवढं लपवलं, तर आणखी काय लपवलं असेल, हे काल बोलताना मी मामांच्या चेहऱ्यावर शोधतच होते. म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मी आपली शोधतेय. सापडलं असतं तर त्याचं मी काय करणार होते?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सकाळी मला आबांची आठवण आली नव्हती, घराच्या अब्रूचीही पर्वा नव्हती. तू माझ्याजवळ कधी तशी हसली नव्हतीस, एवढंच होतं. तू असतीस तर हे मी कबूल केलं नसतं. उलट तुलाच समोर बसवून खोदून खोदून विचारलं असतं.