७२०७२० क्रमांकाचा बिल्ला

मी, टाक्या साफ करणारा कामगार, बिल्ला क्रमांक ७२०७२०, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. धाक आहे, पण तो टाकीचा.

१. घरातला माझा हिस्सा ताईला. भावजींनी त्यात नाक खुपसू नये. साठवलेलं सगळं आईचं. तिने आधी दात बसवून घ्यावेत.

२. बूट आचाऱ्याला. ब्लँकेट कोणालाही द्या, फक्त माझी खिडकीजवळची खाट बळकावणाऱ्या सुताराला नको.

३. आता बिल्ला. हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच. इथे माणूस गेला की नोकरी घरच्याला मिळते. मृत्युपत्रात वेगळा क्रमांक लिहिलेला नसेल, तर बिल्लाही तोच. माझा धाकटा भाऊ यायला टपलेलाच आहे.

धाकट्या, नीट वाच. रोज सकाळी मुकादम पिशवीतून एक गोटी काढतो. गोट्यांवर दोन ते सोळा आकडे आहेत. ज्याचा बिल्ला त्या आकड्याने पुरता भागला जातो, तो टाकीत उतरतो. बाकीचे वर दोरी धरतात.

मी आलो तेव्हा दोन बिल्ले समोर ठेवले होते, ७२०७२० आणि ७२०७२१. पहिला दिसायला देखणा, म्हणून उचलला. तेव्हापासून रोज आत मीच. पोरं ओरडायची, "या जावईबापू, आत या!" मीही हसायचो. मग एकदा खडूने भिंतीवर भागाकार मांडले. चौथीपर्यंत तेवढंच शिकलोय. तीनने भागला, सातने, अकराने, तेराने, अगदी सोळानेसुद्धा. कुठे काही उरेचना.

सतराने मात्र पाच उरतात. मुकादमाला म्हटलं, "दादा, एक सतराची गोटी टाका की."

"मी गोटी काढतो. भागाकार मी नाही केला."

"मग बिल्ला तरी बदला."

"जिवंत माणसाचा बदलत नाही रे."

परवा शेजारच्या टाकीतून वेल्डरला दोरीने वर ओढलं. डोळे उघडे होते, पण तो नव्हता. खाली वायू साचलाय म्हणतात. उद्या तीच टाकी.

म्हणून माझा बिल्ला वितळवावा आणि धाकट्याला ७२०७२१ द्यावा. तो अजून खिळ्यावर लटकतोय. दोनने भाग, तीनने भाग, सोळापर्यंत हव्या त्या आकड्याने भाग, दर वेळी एक उरतो. तू वरच राहशील. दोरी धरताना डुलक्या काढू नकोस.

खरं तर येऊच नकोस. पण तू कुठला ऐकतोस!

ठिकाण: कामगारांची खोली, दारालगतची खाट.
तारीख: महिनाअखेरचा रविवार. उद्या सोमवार.
सही: बिल्ला क्र. ७२०७२०

साक्षीदार, आचारी: माझ्यासमोर लिहिलं. प्यायलेला नव्हता. अक्षर त्याचं नेहमीच असं असतं.

साक्षीदार, दोरीवाला: वाचून सही केली. उद्या याची दोरी माझ्या हातात आहे. आचाऱ्याने बूट इतक्यात उचलू नयेत.