तुमच्या टोमॅटोच्या निकालाबाबत

कर्वेनगर, पुणे
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप संपतमामांना,

रुपालीचा वाकून नमस्कार. (खुर्चीत बसून लिहीत असल्याने वाकणे राहिले आहे, भेटीत पुरे करीन.) तुमची कंबर, शालूमामींची शुगर आणि म्हशीचा पाय यांची चौकशी याच क्रमाने करते, त्यात कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही.

पत्राचे कारण असे की मी दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा तुम्ही बाजारभाव सांगून फोन ठेवलात. दुसऱ्यांदा "भाची हाय, घे" म्हणून मामींकडे दिलात. म्हणून दत्तप्रसाद (आमचे हे) आज सकाळीच तुमच्या लोणीच्या कॉलेजात शिकवायला येताना हे पत्र देतील. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

गेल्या आठवड्यात मी कळवले की तुमचे टोमॅटो निरोगी आहेत, फवारणी नको. तुम्ही माझ्या शब्दावर पंप धुऊन ठेवलात. पण ज्या निकालावरून मी ते कळवले, तो जुन्नरच्या टोमॅटोंचा होता.

सविस्तर सांगते. आमच्या ऑफिसात पानांचे फोटो मशीनला दाखवून रोग ओळखतात. अशा प्रत्येक तपासणीचा संगणकावर एक टास्क असतो. पुरा झालेला टास्क कुलूपबंद होतो, त्यात कुणालाही फेरफार करता येत नाही. (ही सोय माणसांच्या आयुष्यात असावी की नसावी, यावर मी डायरीत दोन पाने लिहिली. निर्णय झाला नाही.) मग त्याचा क्लोन काढायचा, म्हणजे हुबेहूब प्रत. ती कच्च्या मसुद्यासारखी असते. तिच्यात हवे ते बदलून ती रांगेत लावायची. नंबर आला की मशीन काम उरकते.

माझ्या शेजारी बसणाऱ्या तेजसचा जुन्नरचा टास्क उत्तम चालला होता. दुसऱ्याची वस्तू, म्हणून मी आधी परवानगी मागितली. तो म्हणाला, "अहो ताई, क्लोन करायचाय ना, मुलगी मागायला आल्यासारखं काय बोलताय?" मी क्लोन केला. नाव बदलले. तपशिलात "फोटो संपतमामांच्या सौजन्याने" असे लिहिले, ते दोनदा वाचून पाहिले. फक्त कुठले फोटो पाहायचे, ती ओळ बदलायची राहिली. मशीनने निमूटपणे जुन्नरचे टोमॅटो पुन्हा पाहिले. ते अजूनही निरोगी आहेत. वर तुमचे नाव मीच लिहिले होते, ते वाचून मीच विश्वास ठेवला.

चूक कुणाची, यावर रविवारभर विचार केला. माझीच आहे.

तुमची,
रुपाली

ता. क. काल ती ओळ बदलून टास्क पुन्हा लावला. तुमच्या दोनशे फोटोंपैकी एकशे बासष्टांत करपा निघाला. (एका फोटोत फक्त तुमचा अंगठा आहे. त्यालाही करपा सांगितला आहे. हे लपवणे मला योग्य वाटले नाही.)

ता. क. २ तेव्हा एकट्या मशीनवर विसंबू नये, म्हणून तुमच्या बांधाशेजारच्या वैजनाथरावांना फोन केला. तुम्हा दोघांचे बोलणे बंद आहे हे ठाऊक असून केला. ते म्हणाले, "चार दिस झालं बांधावरनं वरडून सांगतोय, करपा हाय. त्यो म्हनतोय, माझी भाची इंजिनियर हाय." मी एम. ए. आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितले. ते आज दहा वाजता स्वतःचा पंप घेऊन येणार आहेत. फाटक उघडावे, आणि जमल्यास चहा विचारावा.